परखी

पोत्याचं तोंड कुणीही दाखवतं.
वरचा वीतभर शाळू नेहमीच मोत्यासारखा असतो,
म्हणून मी तोंड बघत नाही.
परखी कुशीत खुपसतो, मनगट फिरवतो,
आतला माल तळहातावर घेतो.
दाणा सांगतो, कुठं ओल धरलीय, कुठं मोड फुटू बघतोय.
सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं हेच.
पेढीवर म्हणतात, भूपालच्या परखीला नातं नाही.

नातं होतं.
दादगोंडा, माझ्याहून चार वर्षांनी थोरला.
दोन वर्षं त्याचं रक्त जात होतं
आणि दोन वर्षं तो म्हणत होता, गरम पडतंय.
लोणचं सोडलं, मिरची सोडली,
कुणाकुणाच्या पुड्या ताकातून घेतल्या.
मग पट्ट्याला नवं भोक लागलं.
मीच पाडलं, पोती शिवायच्या दाभणानं,
आणि म्हणालो, बरं झालं, पोट उतरलं तुझं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर आतडं काढून दाखवलं.
लवकर आला असता तर, असं त्या म्हणाल्या नाहीत.
पेनाला टोपण लावलं फक्त.
मग माझ्याकडं वळून: तुमचं वय?

बावन्न. पण मला काही होत नाही.

होत नाही तेव्हाच यायचं असतं, म्हणाल्या,
सख्ख्या भावाला झालाय, तुम्ही याआधीच यायला हवं होतं.

तरी आठ महिने घालवले.
हळदीचा हंगाम, मग पुतणीचं लग्न, मग पर्युषण.
खरं सांगतो, मरणाची नव्हे,
मला त्या जागेची लाज वाटत होती.
दिवसाला शंभर पोती भोसकणारा मी
स्वतःच्या पोत्याला टाके घालून बसलो होतो.

एका दुपारी वहिनी पेढीवर आल्या.
कापडदुकानाच्या पिशवीतून दादगोंडाची फाईल काढली,
गल्ल्यावर ठेवली.
असली दुसरी मला सांभाळायची नाही, म्हणाल्या,
आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या.

आदल्या रात्री ते औषधाचं पाणी,
दोन लिटर, लिंबाच्या वासाचं, खारट.
उपवास आमच्यात जन्मापासून,
पण असा उपवास कुठल्या तिथीला नसतो.
पद्मल दाराबाहेर पाटावर बसून होती,
लाईट जाईल म्हणून हातात बॅटरी.
झालं का? झालं का?
पहाटे चारला पाणी नितळ आलं,
गाळ काढलेल्या विहिरीसारखं,
आणि आम्ही दोघं उगीचच हसलो.

बाकी मला ठाऊक नाही. सुई टोचली, झोप लागली.
नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं:
गुलाबी, ओला बोळ, कुठंही घाण नाही,
आणि वळणावर, भिंतीला,
हरभऱ्याएवढा मोड.
तारेच्या फासात धरून तिथंच उचलला म्हणे.
तपासून आला. बिघडलेला नव्हता.
राहिला असता तर बिघडला असता कदाचित.
तीन वर्षांनी परत या.

हरभऱ्याएवढा.
दादगोंडाचाही कधीतरी एवढाच असेल.
असेल तेव्हा आम्ही काय करत होतो,
शाळूचे भाव बोलत असू.

यार्डात मी लपवलं नाही.
सौदे संपल्यावर चहाला सगळ्यांसमोर सांगितलं.
भूपालअण्णालाच परखी मारली!
हसू दिलं. मीही हसलो.

दुपारी काट्यामागं इलाही आला, आमचा हमाल,
पाठीवर अजून पोत्याची धूळ.
अण्णा, त्यात दुखतंय का?
नाही, म्हणालो. किती दिवस जातंय?
तो थप्पीकडं बघत राहिला.
रमजानच्या आधीपासनं. गरम पडलंय वाटतं.

उद्या नऊला, म्हणालो, मिरजेला. मी येतो बरोबर.
उपाशी यायचं?
नको. पहिल्या दिवशी चहा पिऊन चालतं.

तो मान हलवून गेला. हुक पोत्यातच राहिला होता.
मी तो काढून घेतला
आणि परखीशेजारी खुंटीला अडकवला.