जादा वेळ

डॉक्टरांची तारीख उलटून आज तिसरा दिवस.
आई लोखंडी ट्रंक उघडते,
डांबरगोळ्यांचा वास पार मोरीपर्यंत जातो.
धोतरं, दोन विटक्या साड्या,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं कापड
ती आधी स्वतःच्या गालाला लावते, मग माझ्या,
मग कात्री.
संध्याकाळपर्यंत चौदा लंगोट.
"बाळ दिसल्याशिवाय बाजार नाही,"
हा तिचा नियम, तिच्या आईचाही असावा.

सगळ्यात तळाशी पप्पांची जर्सी.
हिरवी होती म्हणे. आता वाळलेल्या दूर्वांचा रंग,
पाठीवर एकचा आकडा, निम्मा उसवलेला.
लोको शेडचा गोलकीपर,
एकोणनव्वद साली एका सामन्यात
तीन पेनल्टी अडवलेला माणूस
(मिरजेत अजून सांगतात हे,
म्हणजे पप्पा सांगतात).
कात्री जवळ आली तशी त्यांनी झडप घातली.
ही चौथी.

पलीकडच्या गच्चीवर यासीनचाचांनी
सतारीचे भोपळे वाळत ठेवलेत, उन्हाकडे पोट करून.
खिडकीतून बघताना वाटतं,
तपासणीच्या रांगेत बसलोय आम्ही सगळ्या.
चाचा पूर्वी पप्पांच्या पुढे बॅक खेळायचे,
अजूनही पप्पा ओरडले तरच बाजूला होतात.
दुपारी चहाला आले आणि खिशातून काढला
मुठीएवढा भोपळा, वाकडा, कामातून गेलेला.
हलवला. आत बिया.
आई म्हणाली, "भाईजी, आधी काही नको हो."
"विकत कुठं आणलाय, वहिनी? वेलानं दिलाय.
हिशेबात धरू नका."
आईनं तो डिंकाच्या डब्यामागे सरकवला,
नशिबाला सहज दिसणार नाही इतपत.

रात्री साडेबाराचा सामना.
कुठल्यातरी थंड देशातली दोन शहरं,
ज्यांची नावं पप्पा आपल्या पद्धतीनं उच्चारतात.
टीव्हीचा आवाज बारीक. मला दोन उशा, पायाखाली पाट.
तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये रणधीर,
इचलकरंजीत, रात्रपाळीला,
मागामागून धोटे खडखडतात
आणि तो "कोण? कोण?" विचारत राहतो.
पोटात हालचाल झाली की धाकटा एकच विनोद करतो.
पाचव्यांदा मी हसले नाही.
फासळीखाली टाच आहे ती, विनोद नाही.

पप्पा चेंडूकडे बघतच नाहीत.
"तिकडं धुमाळी चाललीय,
आणि ह्यो काय करतोय बघ."
मी बघते. गोलकीपर काही करत नाही.
हातमोजे ओढतो. दोन पावलं पुढे, दोन मागे.
"काहीच नाही," मी म्हणते.
"उभाय. त्येच अवघड असतंय, पोरी.
लोकास्नी वाटतं, उडी मारणं म्हणजे काम."

बरोबरी. जादा वेळ.
गोल झाला तेव्हा मी मोरीत होते,
रात्रीतली सातवी खेप.
आले तर सगळे माझ्याकडे बघतायत
जणू मीच काही चुकवलं,
आणि फोनमध्ये रणधीर अजून, "कोण?"

रविवारी उठायला उशीर झाला.
पप्पा पायरीवर, चष्मा नाकाच्या टोकावर, कात्री.
बाह्यांचे दोन, पुढच्या बाजूचे दोन,
पाठीच्या वरच्या भागाचा एक, जरा तिरका.
आकडा तेवढा त्यांनी कडेकडेनं कापून
घडी करून खिशात टाकला.
आई ओट्यापाशी अळीव निवडत होती.
तिनं बघितलं आणि बघितलं नाही.

मी दोरीवर वाळत घातले.
एकोणीस. पाच हिरवट.
समोर चाचांचे भोपळे. तिकडे जंक्शनवर
कुठलीतरी गाडी बराच वेळ शिट्टी देत थांबलेली.

फोन वाजला. रणधीर, झोपेतून उठलेला.
"काय? काही?"
एक पिन तोंडात होती, ती काढून मी म्हणाले,
"काही नाही. उभी आहे."
त्याला कळलं नसावं.
"बस की मग जरा," म्हणाला.