वाफेची वाट

सोसायटीची तिसरी नोटीस:
पार्किंग क्रमांक अकरा. पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग.
सात दिवसांत बंदोबस्त करावा.
खाली खारकर सेक्रेटरींची सही, शेपटीवाली.

डाग कुठून पडतात ते मला ठाऊक होतं.
सत्त्याण्णवची एस्टीम,
व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेनं तिला घाम फुटल्यासारखं तेल.
गॅरेजवाला म्हणाला, पॅकिंग बदलू.
गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. बदललंही होतं.

सत्तावीस वर्षं मी चेंबूरच्या खत कारखान्यात
व्हॉल्व्ह तपासले.
पॅकिंग आपणहून गळत नाही.
आत दाब साठतो, त्याला वाट लागते,
नाही मिळाली की आपली लागते.

बॉनेट उघडून ब्रीदरचा पाइप दाबला.
करपलेल्या पापडासारखा मोडला.
दुसरा, पीसीव्हीकडे जाणारा,
तेल पिऊन पिऊन बिलबिलीत झालेला.
दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळले
आणि कुर्ल्याला, सीएसटी रोडला गेले.

मुख्तारभाई म्हणाले, सरळ घ्या ना, मीटरवर देतो.
मी म्हटलं, मला वळण हवंय.
सरळ पाइप वाकवला की कोपऱ्यात मुडपतो,
आणि मुडपलेला पाइप म्हणजे बंदच,
फक्त नवा.
ते माळ्यावर चढले. वरून नळ्या लोंबत होत्या,
मांडवावर दगड न बांधलेल्या पडवळांसारख्या,
ज्याची त्याची वळणं.
अर्ध्या तासानं दोन घेऊन उतरले:
व्हॅनच्या आहेत, दोन बोटं कापा, बसतील.
एकशे चाळीस. क्लिपा फुकट.

शनिवारी सकाळी श्रीरंग
मोबाइलचा टॉर्च धरून उभा.
माझा हात असतो तिथे तो कधीच उजेड पाडत नाही,
त्याचं लक्ष असतं तिथे पाडतो.
इकडे धर, म्हटलं. धरला.
गंजकी क्लिप पकडीनं तोडली.
नव्या पाइपचं टोक थर्मासमधल्या पाण्यात बुडवलं,
मऊ पडलं, मग चढलं.
पीसीव्ही धुऊन कानाशी हलवला,
खुळखुळ्यासारखा वाजला. जिवंत आहे.

तेव्हा तो बोलला, उजेड हलू न देता:
खंडाळ्याला क्लच प्लेट हेमंतनं नव्हती जाळली.
मीच. आदल्या रविवारी, घाटात.
त्याच्या हातात चावी दिली तेव्हाच वास येत होता.

बावीस वर्षं.
माझा भाऊ देवनार आगारापासून रिक्षानं येतो,
गाडीजवळून जाताना अंग चोरतो,
जणू तिचा रंग अजून ओला आहे.
एकदा भर दुपारी आईला दवाखान्यात न्यायची होती,
तरी त्यानं चावी मागितली नाही.
मीही पुढे केली नाही.

मी क्लिप आवळली. जरा जास्तच.
मग अर्धा आटा सैल केली,
रबराचा काय दोष.

गाडी चालू केली. तेलाचं झाकण काढलं.
तोंडावर ठेवायला कागद हवा होता,
गाऊनच्या खिशात नोटीस सापडली.
गेल्या आठवड्यात याच जागी वीजबिल
फडफडत रेडिएटरमागे जाऊन पडलं होतं.
आज कागद खाली बसला,
मध्ये किंचित खोल गेला,
थरथरला, तसाच राहिला.
खारकरांच्या सहीवर एक गोल उमटत गेला, पिवळसर.

चिकटला? श्रीरंगनं विचारलं.
चिकटला.
आता हेमंतला तू सांग.
मी तोंडची वाफ दवडणार नाही.

त्यानं टॉर्च बंद केला.
फोन त्याच्या हातातच होता.