तोच साक्षीदार

एप्रिलपासून फुगा निमजेच भरतो.
म्हणतो, मॅडम, तुम्ही तिकडं उभ्या राहा, हायड्रोजन आहे.
मग मी सोनेगावच्या कुंपणाशी उभी राहते
पहाटेच्या अंधारात, पोटाशी वही धरून.
फुगा सुटतो. जाता जाता
हवेचा दाब, ओल, ताप सांगत राहतो,
आणि फुटतो कुठंतरी वर,
त्याचा डबा पडतो बुटीबोरीकडच्या एखाद्या वावरात.
दुपार कलली की दुसरा सोडायचा.
एका फुग्यावर अंदाज देत नाहीत,
सोळा वर्षं हेच करतेय मी.

तरीही धंतोलीतल्या त्या खोलीत
अकराव्या आठवड्याच्या एका नळीभर रक्तावरून
आकडा आला, तर मी तो खराच धरला.
एकशेनव्वदात एक.
डॉक्टर बारलिंगे म्हणाल्या, वय एकोणचाळीस,
त्यात पॅप-ए जरा कमी आलंय.
हा अंदाज आहे हं, निदान नाही.
मला हसू आलं. हेच वाक्य
मी पेपरवाल्यांना रोज फोनवर ऐकवते.
त्यांच्यामागं भिंतीवर पाटी होती,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
ते सोडून सगळं मला विचारायचं होतं.

रात्री कूलरच्या घरघरीत
मी एकशेनव्वद बाया व्हरायटी चौकात उभ्या केल्या.
दुपारचं ऊन, सगळ्यांनी दुपट्टे गुंडाळलेले,
नुसते डोळे उघडे.
त्यातली मी कोणती, कळेना.

प्रफुल म्हणाला, पोटातलं पाणी काढून तपासू, एकदाचं काय ते कळेल.
डॉक्टर म्हणाल्या, तेही आहेच. पण थांबता येत असेल
तर सोळाव्या आठवड्यात हेच रक्त परत बघू,
बाकीच्या तपासण्या जोडू, आणि दोन्ही वेळचं एकत्र मांडू.
परत तेच? मग नवं काय कळणार?
बाबा जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. ते सांगायचे,
तोच साक्षीदार दुसऱ्यांदा उभा केला
तर नवी बातमी देत नाही तो,
पण पहिल्यांदा नुसता घाबरून बोलला होता का,
ते समजतं.

पाच आठवडे.
सासूबाई विचारायच्या, काऊन वं, अशी चूप काऊन बसून रायली?
मी म्हणायची, ऊन लागलं.
पारा पंचेचाळीस, त्यामुळं खपून जायचं.

गल्लीच्या टोकाला हेडाऊंचा अंकुश,
बत्तीस वर्षांचा, संध्याकाळी फाटकाला टेकलेला.
येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारतो,
सांगितली की खुलतो, जणू भेटच दिली कुणी.
आधी मी चालता चालता काहीतरी सांगून टाकायची.
मे महिन्यात पहिल्यांदा
थांबून, घड्याळ बघून, मिनिटांसकट सांगितली.
त्याच्या आईला कुणी आकडा दिलाच नव्हता.
तिच्या वेळी ही नळी नव्हती, तो चौक नव्हता,
एका सकाळी सरळ अंकुशच होता.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी दुसरी सुई.
लॅबमधला लोकेश म्हणाला, मॅडम, पाऊस कधी?
मी म्हटलं, आधी तू सांग.

सातशेतीसात एक.
पॅप-ए जसं वाढायला हवं तसं वाढलंय, डॉक्टर म्हणाल्या,
दोन्ही एकत्र धरल्यावर चित्र बरं दिसतंय.
प्रफुलनं सीताबर्डीवरून संत्रा बर्फी आणली,
सासूबाईंना अजून कळलं नाही कशाची.
मीही खाल्ली. दोन तुकडे.
पण त्या रात्री चौकात आणखी बाया आल्या,
गर्दी पार महाराजबागेच्या रस्त्यापर्यंत,
दुपट्टे तसेच,
आणि त्या एकीला कुणी घरी पाठवलं नव्हतं.

काल सुट्टी होती. अंकुशनं विचारलं, किती वाजले?
चार वाजून बावन्न.
माझी नजर सवयीनं वर गेली, सोनेगावच्या दिशेला.
निमजेनं दुसरा सोडला असेल.
अंकुशही वर बघू लागला.
उन्हात दोघांनाही काही दिसलं नाही.
आम्ही बराच वेळ बघत होतो.