पुढच्या जागेवरचे दगड

पहाटे ओहोटी लागली ते मला तंबूतच कळलं.
पाण्याचा आवाज अंगावरून उठून गेला.

कयाक दोघांची आहे. मी एकटी.
पुढे एर्नाल्दो बसायचा, माझा धाकटा भाऊ.
मेला नाही तो.
पुएर्तो मोंतच्या कारखान्यात रात्रपाळीत सॅमन सोलतो,
आणि फोन केला की म्हणतो, नंतर बोलू.
त्याच्या जागेवर मी चपटे दगड भरलेत, मोजून बावीस.
नाहीतर ही नाक वर करते
आणि वारा हुंगत भलतीकडेच वळते.

धुकं इतकं, की वल्ह्याचं पुढचं पातं
बुडालं का, हे कानांनी बघावं लागतं.
शिंपल्यांच्या शेतांची काळी पिंपं
एकेक करून पुढ्यात येतात, हजेरी दिल्यासारखी.
एका पिंपावर समुद्रसिंह झोपलेला.
त्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं,
आणि मी त्याच्या कामाची नाही हे ठरवून टाकलं.

दुपारी अपियाव बेट.
म्हणजे बेट होतं, समुद्र नव्हता.
पाचशे पावलं चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या,
आणि गमबूट घातलेली एक बाई
लोखंडी आकड्याने शिंपल्या उकरत होती.

"एकटीच?"
"एकटीच."
ओर्फेलिना चिग्वाय कयाकमध्ये वाकली.
"मग हे कोण?"
"दगड."
"दगडच न्यायचे तर लांबून कशाला आणलेस?"

खिशातून तिने भाजलेला बटाटा काढला,
जांभळा, अजून कोमट, थोडी लोकर चिकटलेला.
म्हणाली, चार तास. हाका मारून उपयोग नाही.
आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो.
तिने विचारलं नाही, मी सांगितलं:
बाबांची होडी विकली त्या दिवशी मी त्याला काय बोलले.
ती ऐकत होती, किंवा शिंपल्या मोजत होती.

मग चढ चढून गेली आणि ढकलगाडी घेऊन आली.
"कागुआचला माझी बहीण आहे, सेलिंदा.
बोटवाला बटाटे मोजून घेतो, मोजून देत नाही."

दगड आम्ही एकेक करून काढले.
किनाऱ्यालगत मासे अडवायची जुनी भिंत होती,
तिच्या आजोबांच्याही आधीची, एका जागी ढासळलेली.
तिथे बसवले. एकवीसच भरले.
बाविसावा कुठे गेला, मला माहीत नाही.

चारला पाणी आलं, आधी पायांच्या बोटांत,
मग कयाक हलली, झोपेत कूस बदलल्यासारखी.
खाडी पार करताना वारा दक्षिणेचा, आडवा.
नाक खाली होतं, सरळ.
बटाट्यांना ओल्या मातीचा वास येत होता,
आणि मी त्यांच्याशी दोनदा बोलले.
दुसऱ्यांदा तर भांडलेच.

सेलिंदाने ताणकाटा लावला. "दोन किलो कमी."
"ओर्फेलिनानेच कमी दिले," मी म्हटलं.
"अगं, ती नेहमीच कमी देते," ती म्हणाली, खूश होऊन.
"उद्या मेउलीनकडे जातेस ना? नणंदेला सुकवलेल्या शिंपल्या पोचव."

रात्री तंबूतून एर्नाल्दोला लिहिलं:
तुझ्या जागेवर उद्या शिंपल्या.
दोन खुणा निळ्या झाल्या. बस, तेवढंच.
झोपताना पाठीला काहीतरी टोचलं,
पिशवीत चाचपलं: चपटा, गार.

पहाटे, पाळी सुटल्यावर, त्याचं उत्तर:
किती किलो?