कूळ सापडलं

आहिररावांनी ती टांगाहून आणली,
होमिओपॅथीच्या नळीत, वर कापसाचा बोळा,
धुवायच्या शर्टांत गुंडाळून.
"रस्त्याचं मोजमाप चाललं होतं," म्हणाले,
"झुडपाला गुलाबी फुलांचा तुरा दिसला.
हात लावला तर तुरा उडून गेला.
एक फूल तेवढं बोटांत राहिलं."

कॉलेज रोडच्या प्रयोगशाळेत बशीत ओतलं ते फूल.
गुलाबी कसलं! स्पिरिटने रंग पिऊन टाकलेला,
उरलेली पांढऱ्या कांद्याची साल.

हर्षाली ढिकले वाकून म्हणाली,
"सर, हा तर तुडतुडा. याला काय मारायचं?"
दिंडोरीला तिची द्राक्षं. छाटणी झाली की
हा शब्द घरात पंपासकटच येतो.
"मारून झालंय," म्हटलं. "आता फक्त बघ."

मिशी डोळ्यांपुढे नाही, डोळ्यांखाली,
कुडी घातल्यासारखी गोल गाठ.
पंखाच्या मुळाशी इवली टोपी.
मागच्या दोन शिरा अर्ध्या वाटेत एक होतात,
नांदूरमधमेश्वरला कादवा गोदेत शिरते तशा.
कडेने आडव्या शिरांची शिडी,
आणि तिथेच, मुळाजवळ, घामोळ्यासारखे दाणे.

फ्लॅटिडी.
हर्षालीने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

पुढे जातीसाठी नर हवा.
पोटाचं टोक कॉस्टिकमध्ये उकळून
आतल्या काट्याचा बाक बघायचा.
सुईने उलटी केली.
मादी.
अख्ख्या तुऱ्यातून नेमकी हीच.

गांगुर्डेमामा बाटल्या विसळत होते.
"म्हणजे जात कळणार नाही?"
"नाही."
त्यांनी हात पुसले, जरा जास्तच वेळ.
"कूळ कळलं ना, मग राहू द्या.
आमच्या आळीचं उलटं होतं.
जात आधी कळायची,
पुढचं कोणी विचारतच नसे."

मग त्यांनीच काळ्या शाईने चिठ्ठी लिहिली:
टांगा. झुडूप अज्ञात. म. आहिरराव.
जातीच्या जागेवर पेन्सिलीचा एक ठिपका,
खोडता येईल असा.

सकाळी हर्षाली काडेपेटी घेऊन आली.
आत बांधावरच्या रुईचं पान, पानावर पिल्लू,
शेपटीला मेणाचा कापूस, श्वासानेसुद्धा हलणारा.
"हे कोण, सर?
पप्पांना म्हटलं, पंप आज नको."