पाच खिडक्या

उद्यमनगरात, दोन लेथांच्या सांदीत
आमचं आठ बाय सहाचं दुकान.
पाटीवर अजून आबांचंच नाव,
खाली माझ्या हातानं: मीटर रिपेअर, सर्व गाड्या.
शेजारची भट्टी दिवसभर घुमते
आणि मी डोळ्याला भिंग लावून
लोकांचे प्रवास पुसत बसते.

परवा दस्तगीरमामा फडक्यात गुंडाळून
मीटर घेऊन आला, डुक्कर फियाटचा.
गाडी मूळची आडसुळे डॉक्टरीणबाईंची.
आता एका फौंड्रीवाल्यानं घेतलीय, बुधगावकरांनी.
रंग मोरपिशी, क्रोम असं की
त्यात बघून दाढी करावी.
त्यांचा प्रश्न एकच, "खरं रनिंग किती?"

एक्केचाळीस हजार दोनशे आठ.
पाच आकड्यांना पाच खिडक्या.
सहावी कंपनीनं ठेवलीच नव्हती,
एवढी जगेल असं कुणाला वाटलं असेल?
नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की
पाचही चाकं एकदम कलंडतात
आणि म्हातारी परत पाळण्यात.
किती वेळा, ते कुठंच लिहिलेलं नसतं.

आणि आकडे मैलांचे आहेत.
बुधगावकर किलोमीटर समजून खूश होते.
तेव्हा मी गप्प बसले.

मामा म्हणतो, इंजिन मिरजेच्या टॅक्सीचं,
गिअरबॉक्स भंगारातला, कुणाचा कुणास ठाऊक,
कमरेखालचा पत्रा सगळा मी ठोकलेला.
मग पोरी, एक्केचाळीस हजार
नक्की चाललं कोण?

तो आकडा बघतच नाही.
दार उचलून बिजागरी बघतो,
किल्लीचं भोक किती सैल झालंय ते बघतो,
डाव्या हाताखाली स्टिअरिंग कुठं गुळगुळीत आहे ते.
क्लचच्या रबराला एकाच कडेला
चंद्रकोरीएवढी झीज आहे.
बाईंचा पाय पोलिओनं तिरका पडायचा.
सगळी गाडी नवी केली मामानं,
तेवढं रबर बदललं नाही.

खोटं कशाला बोलू,
आकडे मीही फिरवलेत.
दोनशे रुपयांत ऐंशीचे तीस.
उलटं फिरताना दातं कुरकुरतसुद्धा नाहीत.
ज्यांनी घेतल्या त्या गाड्या, त्यांची तोंडं
मी बघितलेली नाहीत. बरंच झालं.

काल रात्री झाकण उघडलं.
आत पत्र्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आबांचं अक्षर:
वायर तुटलेली. १९ मार्च ८१.
कधी तुटली, बाई सांगत नाहीत.
त्याच्या खाली, बारीक:
परत तुटली. ८६. म्हणतात राहू दे,
बाळंतपणाला मीटर लागत नाही.

मी भिंग काढलं.
कळे, साळवण, गगनबावड्याची वळणं,
धुक्यात दोन पिवळे दिवे,
मागच्या सीटवर कण्हणारी कुणी,
आणि काटा शून्यावर आडवा.
गाडी जागेवरच उभी आहे,
मीटरच्या मतानं.

सकाळी बुधगावकरांचा फोन:
"शून्य करून टाका की, नवीच झालीय."
मी म्हटलं, दुसरीकडं करून घ्या.
आणि मैलांचंही सांगून टाकलं.
ते म्हणाले, थांबा, मग हिशेब केला असावा.
"म्हणजे सहासष्ट हजार?"
किमान, मी म्हटलं.
बराच वेळ फक्त त्यांच्या भट्टीचा आवाज.
मग, "ठेवा तसंच."

नवी वायर ओवली, ग्रीस भरलं.
आबांच्या ओळींखाली पेन्सिलीनं
आजची तारीख घातली. आकडा होता तो ठेवला.

संध्याकाळी मामानं रंकाळ्याला चक्कर मारली,
मी शेजारी, मांडीवर स्क्रू ड्रायव्हर.
शेवटच्या खिडकीतला आठ हळूहळू वर सरकत होता,
अर्धा आठ, खालून अर्धा नऊ.
तेवढ्यात म्हशींचा तांडा आडवा आला
आणि मामानं ब्रेक दाबला.