पेटी क्रमांक एकशे अठरा

मिडलंडच्या बाहेर, विमानतळाच्या रस्त्याला,
पत्र्याच्या एका लांबट गोदामात मी दगड वाचते.
आठ तास, पगारी.
पुठ्ठ्याच्या पेट्या, पेटीत तीन-तीन फुटांचे दंडगोल,
प्रत्येकावर खोली लिहिलेली.
खाली जाणं म्हणजे मागे जाणं,
हे एकदा अंगवळणी पडलं की
जिना उतरतानाही वय कमी झाल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे, कोरेगावकडे, दगड एकच. काळा.
विहिरीला सुरुंग लावावे लागत,
आणि पाणी कुठे, ते तळहातावर नारळ ठेवून
गणपा पाणाडे सांगायचे.
चुकले की म्हणायचे, होतं हो, सरकलं.
मी हसायचे तेव्हा.
आता नाही हसत.

तेल सरकतंच.
पाण्याहून हलकं, म्हणून वर, आणखी वर,
दगडाच्या कणाकणांमधल्या फटींतून,
घाई कसलीच नाही,
आणि डोक्यावर घट्ट झाकण भेटलं नाही
तर उन्हात येऊन डांबर होऊन पडतं.
पाणी खळग्यात साठतं, हे पालथ्या वाटीखाली.
टेक्सासची निम्मी शहरं वसली
ती अशा पालथ्या वाट्यांच्या शोधात.

सत्तावन्न साली रेमंड हॅचेटच्या कुरणाखाली
अशीच एक वाटी दिसली होती नकाशात.
त्या विहिरीची पेटी मी मंगळवारी उघडली.
चुनखडी. आम्लाचा थेंब टाकला, फसफसली.
फटी होत्या. फटींत एकेकाळचं खारं पाणी.
वाटीला एका अंगाने तडा गेला होता,
डायनासोरही जन्मायचे होते तेव्हा.
वहीत कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय:
कोरडी. सोडली.
आणि त्याखालच्या चारशे फूट काळ्या थरासाठी
एकच ओळ:
शेल. वास येतो. निरुपयोगी.

हे त्याचं माहेर होतं.
पन्नास वर्षं सगळे त्याला सासरी शोधत राहिले,
आणि अर्ध्याहून जास्त
माहेरातून निघालंच नव्हतं.
इतका घट्ट दगड, की निघणार कुठून?
आता पाती दोन मैल खाली जाते, वळते,
दोन मैल आडवी धावते,
पाणी आणि वाळू कोंबून दगड फोडतात.
निरुपयोगी या शब्दावर
आज सोळा विहिरी उभ्या आहेत.

गुरुवारी लोरीन हॅचेट आली. वय एकोणऐंशी,
पायात मुलाचे बूट.
विहीर कोरडी निघाली त्या हिवाळ्यात
बापाने जमिनीखालचा हक्क विकून टाकला,
एका जुन्या पिकअपच्या बदल्यात.
गवत तिचं, काटेरी झुडपं तिची, धूळ तिची.
खालचं सगळं ह्यूस्टनमधल्या कुणाचं तरी.
रात्री कपाटातल्या बशा वाजतात, म्हणाली,
आणि मला नुसतं बघायचंय, कशावरून वाजतात.

मी दिवे मालवले. निळा दिवा लावला.
काळ्या दगडात बारीक पिवळ्या रेघा उजळल्या,
केसाएवढ्या.
एवढंच? ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, पिकअप हिरवा होता,
क्लच पहिल्यापासून खराब.

आमच्यात एक म्हण आहे, मी सुरुवात केली,
तेलही गेलं, तूपही गेलं,
आणि अडखळले,
धुपाटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना.
ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, जाऊ दे.

नियमाप्रमाणे तुकडा देता येत नाही.
तिने तो हातात घेतला, नाकाशी नेला, परत ठेवला
बरोब्बर त्याच खाचेत, बाणाची खूण वर करून,
जसं काही हेच काम करत आली होती.
बोटं काळी झाली होती.
बेसिन तिकडे आहे, मी दाखवलं.
राहू दे, म्हणाली,
आणि त्याच हातांनी पर्स बंद करून
उन्हात गेली.